अर्ध्यावरची गणितं

आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना वाटतं, मी सैन्यातून निवृत्त झालेय. चूक त्यांची नाही. मीरा रोडला राहायला आलो त्या दिवशी सामान उतरवताना सेक्रेटरी भेटले. त्यांनी चौकशी केली, "मॅडम, तुम्ही पण सर्व्हिसला का?" मी म्हटलं, "हो, कर्नलवर काम करते." त्यांना ऐकू आलं तेवढं त्यांनी धरलं. पुढच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाचं खास बोलावणं आलं, आणि दोरी हातात देताना त्यांनी माझी ओळख करून दिली तेव्हा कुठे मला उलगडा झाला. आता एवढ्या लोकांत काय सांगणार? मी झेंडा फडकवला. नंतर चहाच्या वेळी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, संगणकाच्या पोटात जो मूळ कारभारी प्रोग्रॅम असतो ना, त्यालाही कर्नलच म्हणतात. मी तो लिहिते." सेक्रेटरी जरा खट्टू झाले. मग म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, झेंडा तर नीट गेला ना वर!"

तर मी ही अशी कर्नल. काशीमीऱ्याच्या नाक्यावरून आत वळलं की गॅरेजांच्या मागे एक इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तिथल्या एका गाळ्यात आम्ही मच्छीमार बोटींवर बसवायचं एक यंत्र बनवायचो. डब्याएवढी पेटी आणि तिला छोटा पडदा. बोट कुठे आहे, खाली पाणी किती आहे, घर कुठल्या दिशेला आहे, हे ती दाखवायची. मालक हर्षदभाई, भाईंदरचे गुजराती. खाली पेट्यांची जुळणी चालायची, वर पोटमाळ्यावर आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी काचेच्या मोठ्या ऑफिसांत गेल्या. भेटल्या की विचारायच्या, "वसुधा, अजून त्या गाळ्यातच?" मी म्हणायचे, "हो, त्या गाळ्यातच." त्या पोटमाळ्यावर पंखा कमी आणि ट्रकचे हॉर्न जास्त होते. पण एक अख्खा कर्नल पहिल्या ओळीपासून आपल्या हाताने लिहायचं भाग्य मला तिथे मिळालं. काचेच्या ऑफिसात ते मिळालं नसतं.

आता हे काम म्हणजे काय, ते सांगते. घाबरू नका, शाळेतला फळा आठवला तरी पुरे.

यंत्रात प्रोसेसर एकच, कामं अनेक. एक काम बोटीची जागा काढतं, दुसरं पाण्याची खोली, तिसरं पडदा रंगवतं. कर्नल त्यांना तासिकांसारखा आळीपाळीने वेळ देतो, आणि घंटा इतक्या भराभर वाजतात की बाहेरच्याला वाटतं सगळी कामं एकदमच चाललीत. प्रोसेसरमध्ये अपूर्णांकाची, म्हणजे दशांश चिन्हाची, गणितं करायला वेगळे रकाने असतात. तो झाला वर्गातला फळा. गणिताच्या बाईंचं उदाहरण अर्धं सुटलंय आणि घंटा झाली. भूगोलाचे सर आले, त्यांना नकाशा काढायचाय. फळा पुसायच्या आधी बाईंचं अर्धं उदाहरण जसंच्या तसं उतरवून ठेवायचं आणि बाई परत आल्या की पुन्हा तसंच मांडून द्यायचं. बाईंना कळताही कामा नये की मध्ये कोणी येऊन गेलं. हे उतरवणं आणि मांडणं कर्नलचं काम. आयुष्यभर मी मुख्यतः हेच केलं.

यात एक जुनी युक्ती आहे. मधल्या तासाला पी.टी.चे सर आले, तर ते फळ्याला हातच लावत नाहीत. मग उतरवायचे कष्ट कशाला? फळा तसाच राहू द्यायचा, आणि कोणी खडू उचलला तरच धावायचं. या युक्तीला आमच्या धंद्यात 'आळशी' पद्धत म्हणतात. प्रोसेसर हळू होते त्या काळात ही पद्धत मी फार निगुतीने बसवली होती. नव्या माणसाला कर्नल दाखवताना मी ते पान मुद्दाम उघडायचे. घरात एखादी बाई पाहुण्यांना आपलं भरतकाम दाखवते, तसं.

गिऱ्हाइकांच्या तक्रारी बहुतेक वेळा कर्नलपर्यंत यायच्याच नाहीत. एका बोटमालकाचं यंत्र नारळी पौर्णिमेपासून 'आंधळं' झालं होतं. आमचा माणूस बंदरावर जाऊन बघतो तर सणासाठी म्हणून मालकाने अँटेनाला चमचमत्या पन्नीच्या माळा गुंडाळलेल्या. त्या चकाकीतून उपग्रहाचा आवाज आत येणार कसा? माळा काढल्या, यंत्र चालू झालं. मालक मात्र नाराज. "इतकं सजवलं आणि त्यालाच चाललं नाही होय?"

फ्रान्सिस नाखवा आले ती तक्रार अशी नव्हती.

थंडीचे दिवस होते. सकाळी कामाला सुरुवात केली आणि जिन्यावर पावलं वाजली. पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात क्रूस, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी आमची पेटी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. पोटमाळाभर मासळीचा वास पसरला.

"म्याडम, मी उत्तनचा. फ्रान्सिस," ते म्हणाले. "ह्यानं मना खडकावर नेलं."

माझी सहकारी रेश्मा त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. मीरा रोडच्याच नयानगरची मुलगी, आमच्याकडे येऊन तिला काही वर्षं झाली होती आणि कर्नल आता माझ्याइतकाच तिचा होता. नाखवा पाणी प्यायले आणि त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. मासेमारी करून चार बोटींबरोबर ते परत येत होते. उत्तनच्या किनाऱ्याजवळ पोचता पोचता दाट धुकं उतरलं. बोटीचं पुढचं टोकही दिसेना. त्यांनी पेटीकडे बघून सुकाणू धरलं. पेटीने घर उजवीकडे दाखवलं, ते उजवीकडे वळले. बोटीचा तळ खडकावर घासला, फळी फुटली, एक खलाशी आपटून त्याचा खांदा निखळला. मागच्या बोटीने दोर टाकून ओढून आणलं म्हणून सगळे घरी आले.

"रोज मी याच्याकडं बगत पन न्हाय," ते म्हणाले. "डोळं हायत मना. ज्या दिवशी डोळं चालत न्हायत, त्या दिवशी हा पायजे. आनि त्याच दिवशी हा खोटं बोलला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचं संपलं नव्हतं.

"मना येकच सांगा. हा येक बिघडलाय, का सगळं? माज्या भावाच्या बोटीवर पन ह्योच हाय."

ते मला अजून माहीत नाही, असं मी त्यांना खरं सांगून टाकलं.

पेटीत गेल्या काही तासांच्या जागा साठवलेल्या असतात. त्या काढून बघितल्या तर नाखवा म्हणत होते तसंच. नीट चाललेले आकडे एका क्षणी भलतीकडे गेले आणि हळूहळू, बऱ्याच वेळाने, पुन्हा जागेवर आले. ते लगेच का सुधारले नाहीत, तर यंत्र दर वेळी कोरी पाटी घेऊन जागा काढत नाही, आधीच्या उत्तराला धरून पुढचं काढतं. नाहीतर लाटेवर बोट डोलली की पडद्यावरची बोटही उड्या मारेल. त्यामुळे एकदा चुकीचा आकडा आत शिरला की दुधातल्या मिठाच्या खड्यासारखा तो सगळं नासवूनच विरतो. अपघात झाला तो त्या मधल्या वेळात. बिघाड अँटेनाचा नव्हता, उपग्रहाचाही नव्हता. कोणाचं तरी अर्धं सुटलेलं गणित मध्येच कोणीतरी पुसलं होतं, आणि फळा सांभाळणारी मी होते.

हर्षदभाईंना मी खाली जाऊन सांगितलं. पेटी एकच खराब नसावी, दोष कर्नलमध्ये आहे, कुठे ते अजून माहीत नाही. मासेमारीचा भर हंगाम. किनाऱ्यावर ठिकठिकाणच्या बोटींवर आमच्या पेट्या. मला वाटलं होतं ते म्हणतील, आधी शोधा, मग बघू. कुठलाही मालक म्हणाला असता. हर्षदभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वसुधाबेन, सगळ्यांना फोन लावायचा," ते म्हणाले. "बोलायचं, मशीनवर भरोसा करू नका. आमी दुरुस्त करून देईपर्यंत फक्त टाइम बघा त्याच्यात."

"लोक शिव्या देतील, हर्षदभाई. परत कोणी घेणार नाही आपला माल."

"शिव्या खाऊ ना. शिव्या खाऊन कोणी बुडत नाय."

ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. पुढचे काही दिवस ते, रेश्मा आणि मी फोन घेऊन बसलो. शिव्या खरंच खाल्ल्या. मराठीत, हिंदीत, कोळी बोलीत खाल्ल्या. एका म्हाताऱ्या नाखव्याने मात्र मला धीर दिला, "पोरी, कशाला रडतेस? माजा त्याच्यावर कधी भरोसाच नवता."

शोध सुरू झाला. पहिला संशय इंटरप्टवर. इंटरप्ट म्हणजे तास चालू असताना नोटीस घेऊन वर्गात शिरणारा शिपाई. बटण दाबलं, रेडिओवर संदेश आला की हा शिपाई येतो, त्याचं काम क्षणात उरकतं आणि तास पुढे चालू होतो. तो इतक्या घाईत असतो की त्याच्यासाठी फळा उतरवून ठेवत नाहीत. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून कडक नियम होता: शिपायाने खडूला हात लावायचा नाही. इंटरप्टच्या कोडमध्ये दशांश चिन्ह असता कामा नये. रेश्माने आणि मी ओळ न् ओळ वाचली. एकही दशांश नव्हता. नियम जसाच्या तसा पाळलेला होता.

पेटी टेबलावर दिवसरात्र चालवली. खोटे उपग्रह, खोट्या लाटा, सगळं देऊन बघितलं. ती शहाण्यासारखी बरोबर उत्तरं देत राहिली.

तेव्हा मी एक सापळा बांधला. कर्नलमध्ये अशी सोय केली की प्रत्येक शिपाई वर्गात शिरताना फळ्याचा फोटो काढायचा आणि बाहेर पडताना पुन्हा काढायचा. दोन्हींत फरक दिसला की यंत्र जागीच गोठवायचं आणि त्या शिपायाचं नाव पडद्यावर दाखवायचं. पण टेबलावर तोही सापळा रिकामाच राहिला. मग एकच उपाय होता. जिथे ते घडलं, तिथे जायचं.

घरी सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, "तुला झोपाळ्यावर बसल्या बसल्या चक्कर येते." खोटं नव्हतं ते. पन्नाशी ओलांडलेली मी, समुद्राच्या इतक्या जवळ राहून बोटीत कधी बसले नव्हते. नाखव्यांना फोन केला. बोटीची फळी बदलून झाली होती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "या. पन साडी नको."

जाताना काही तास माझी जी अवस्था झाली तिचं वर्णन दिवाळी अंकात करण्यासारखं नाही. नाखव्यांच्या बायकोने, फिलोमिनाताईंनी, बरोबर मीठ लावलेलं आलं दिलं होतं, त्यावर मी तगले. नाखवा मधून मधून सांगायचे, "समोर बगा बाय, लांब. पान्यात बगू नका." मॅडमची बाय मी केव्हा झाले, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. सापळा बसवलेली पेटी माझ्या लॅपटॉपला जोडलेली होती. जाळं टाकलं, ओढलं, मासळी बर्फात गेली. सापळा गप्प. भर समुद्रात आम्ही एकटेच होतो आणि आकडे अगदी शहाणे.

परतीला निघालो. उन्हं कलायला लागली होती. आजूबाजूच्या बोटी एकेक करून आमच्या बाजूला यायला लागल्या, सगळ्यांचं तोंड घराकडे. पडद्यावर त्या बोटींचे ठिपके उमटू लागले. ही सोय नवी होती. जवळच्या बोटींच्या रेडिओवरून त्यांची जागा ऐकून ती पडद्यावर दाखवायची. नाखवा लोकांनीच ती मागितली होती. ठिपके वाढत गेले आणि अचानक पडदा गोठला. त्यावर एका शिपायाचं नाव.

मी उडी मारून ओरडले, "घोळ सापडला! घोळ सापडला!"

बोटीवर एकच धावपळ झाली. सगळे खलाशी कठड्याकडे पळाले आणि पाण्यात वाकून बघायला लागले. घोळ हा मासा किती मोलाचा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जन्मात एकदा सापडला तरी नशीब म्हणतात.

"कुठं हाय? कुठं हाय?" नाखवा सुकाणू धरून विचारत होते.

मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग सगळ्यात आधी नाखवा हसले आणि त्यांच्यामागून सगळी बोट हसली. खांदा निखळलेला तो खलाशी हात अजून झोळीत अडकवूनच आला होता, तो तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याला हसताना बघून माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

पकडलेला शिपाई होता दुसऱ्या बोटींचे संदेश घेणारा. म्हणजे बोटी जितक्या जवळ, तितके संदेश जास्त, आणि त्यातला एखादा नेमका जागेचं गणित चालू असताना येण्याचा संभव जास्त. काशीमीऱ्याच्या गाळ्यात चार बोटी कुठून येणार? आम्ही टेबलावर एकेक संदेश सोडत होतो, तोही सावकाश.

पण त्या शिपायाच्या कोडमध्ये तर दशांश नव्हताच! दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर मी पुन्हा तेच पान उघडून बसले. 'आलेला संदेश इथून उचल, तिथे ठेव' एवढंच लिहिलेलं. रेश्मा वेगळ्या वाटेने गेली. आम्ही लिहितो ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक प्रोग्रॅम असतो, कंपायलर. आमचा दुभाषीच म्हणा ना. त्याने शेवटी काय उतरवलं, ते ती वाचत होती.

"मॅडम, इधर आओ," ती एकदम म्हणाली. "आपण लिहिलंय नुसतं उचलून ठेव. पण याने उचलायला काय वापरलंय, बघा तर!"

मी बघितलं. अपूर्णांकांचे रकाने चांगले रुंद असतात. नव्या कंपायलरला वाटलं, एवढा मोठा संदेश तुकड्या तुकड्याने कशाला न्यायचा, हे रुंद रकाने रिकामेच दिसताहेत, त्यातून नेऊ. शिपायाने फळ्यावर गणित केलंच नव्हतं. फळा भिंतीवरून काढून त्याने त्याचा ट्रे केला होता, आणि त्यात बाईंचं अर्धं उदाहरण पुसलं जात होतं. नियम आम्ही माणसांसाठी लिहिला होता. दुभाष्याला तो कोणी सांगितला नव्हता. काही महिन्यांपूर्वी कंपायलर बदलला आणि त्याच सुमारास ठिपक्यांची सोय आली. दोन्ही गोष्टी एकेकट्या निरुपद्रवी होत्या.

"रेश्मा, तू जेवलीस का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही. ती हसली. त्या दिवशी हर्षदभाईंनी खालच्या वरच्या सगळ्यांना जिलेबी-फाफडा खिलवला.

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची. कर्नलचं कोड उतरवताना हे रकाने वापरायचे नाहीत, असं कंपायलरला बजावायचं. पण रेश्मा तिथे थांबायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, आळशी पद्धतही काढून टाकू. फळा कोणाचा, आत्ता त्यावर काय आहे, कोण परत येणार, हे सगळं लक्षात ठेवायची कसरतच नको. दर घंटेला सरळ उतरवायचं, सरळ मांडायचं.

"वेळ जाईल," मी म्हटलं.

"किती मॅडम? प्रोसेसर आता केवढा फास्ट आहे. आपण कोणासाठी वाचवतोय तो वेळ?"

तिचं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे मला थोडं आधीपासूनच कळत होतं. माझं ते भरतकाम मी स्वतःच्या हाताने उसवलं. वाईट वाटलं. नाही वाटलं म्हणाले तर खोटं होईल. पण त्या जागी रेश्माने जे लिहिलं ते इतकं साधं होतं की नवा माणूस एका वाचनात समजेल. सापळा मात्र आम्ही काढला नाही. तो कर्नलमध्ये कायमचा राहिला.

आज तो गाळा नाही. हर्षदभाईंनी धंदा विकला. नवे मालक दुसरंच काही बनवतात. माझा कर्नल आता थोड्याच बोटींवर उरला असेल, तोही पेट्या टिकतील तोवर. रेश्मा मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर आहे. तिच्या हाताखालच्या मुलांना ती म्हणे शिपायाची आणि ट्रेची गोष्ट सांगते. माझं नाव कुठल्या पुस्तकात नाही आणि त्याची खंतही फारशी नाही. खंत आहे ती एकाच गोष्टीची. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्या बोटीत पाय ठेवायला मी इतकी वर्षं का लावली? आधी गेले असते तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या लिहिल्या असत्या. बाकी या कामाने मला जी माणसं दिली, त्यांच्यासाठी मी रोज आभार मानते. हर्षदभाई शिव्या खायला तयार झाले. रेश्माने माझा मान ठेवून माझी चूक काढली. आणि फ्रान्सिस नाखव्यांनी ती पेटी समुद्रात भिरकावून न देता पिशवीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

शेवटचं सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच.

दुरुस्त पेट्या घेऊन आम्ही उत्तनला गेलो तेव्हा धक्क्यावर जमलेले नाखवा हाताची घडी घालून उभे होते. हर्षदभाईंनी समजावलं, मी समजावलं. कोणी हलेना. त्यांचं तरी काय चुकलं? मग फ्रान्सिस नाखवा पुढे झाले.

"बोलून न्हाय चालनार, बाय," ते म्हणाले. "मी दाकवतो."

त्यांनी आपल्या बोटीच्या केबिनच्या सगळ्या काचांवर गोणपाट बांधायला घेतलं. लख्ख दुपार होती, ओहोटीमुळे खडक उघडे पडले होते. बाहेर जायचं आणि काहीही न बघता, फक्त पेटीकडे बघून परत धक्क्याला यायचं. मागे दोर घेऊन भावाची बोट राहणार होती. मीच सांगितलं, "नाखवा, बाकीच्या बोटीही जवळून येऊ द्या. जितक्या जास्त तितकं बरं." करायची तर परीक्षा खरीच करायची.

पुढच्या टोकावर बसून कोणी तरी लक्ष ठेवायला हवं होतं. गोणपाटाआडच्या नवऱ्याला फक्त एकाच वेळी हाक द्यायची, बोट चुकली तरच. एक खलाशी निघाला, तर फिलोमिनाताईंनी त्याला मागे सारलं. लग्नानंतर त्या बोटीवर कधी चढल्या नव्हत्या. त्यांचं जग धक्का आणि बाजार, आणि बाजारात त्यांची हाक एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायची.

"माजा नवरा डोळं झाकून घरी येनार आनि मी काय ओट्यावर बसू?" असं म्हणत त्या टोकावर जाऊन बसल्या.

मी केबिनमध्ये नाखव्यांशेजारी उभी राहिले. बाहेर ऊन, आत अंधार, आणि त्या अंधारात पडद्याचा हिरवट उजेड. बोट वळली. चारी बाजूंनी इंजिनांचे आवाज जवळ येत गेले, पडद्यावर ठिपके दाटले. प्रत्येक ठिपक्याबरोबर एक शिपाई वर्गात शिरत होता, बाहेर पडत होता. काय काय चुकू शकतं त्याची जंत्री माझ्याइतकी तिथे कोणालाच पाठ नव्हती. घराची दिशा दाखवणारी रेघ सरळ राहिली. नाखव्यांनी सुकाणू किंचित डावीकडे घेतलं. इथेच कुठेतरी तो खडक होता.

"बाय," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तुमी श्वास घ्या."

मी घेतला. कान मात्र पुढच्या टोकाकडे. फिलोमिनाताईंची हाक आता येईल, मग येईल, असं वाटत होतं. पाणी बोटीच्या कडेला आपटत होतं, कोणीतरी लांबून शीळ घातली. पुढून काहीच नाही. मग इंजिनाचा आवाज उतरला, बोट डुलली, आणि जुन्या टायरचा मऊ धक्का पायाखाली जाणवला. तरीही पुढून काही ऐकू येईना. नाखव्यांचा हात सुकाणूवर तसाच होता.

थोड्या वेळाने फिलोमिनाताईंचा आवाज आला, बाजारात कधी ऐकू आला नसेल इतका हळू.

"फ्रान्सिस, ते गोनपाट काड आता. घर आलं."